परतीचा पाऊस आणि अप्पांचा काटा

परतीचा पाऊस म्हणजे निघतो निघतो म्हणत चपला घालून दारातच तासभर बोलत उभा राहणारा पाहुणा. आपण मनातल्या मनात त्याला केव्हाच जिना उतरवलेला असतो, आणि तो म्हणतो, "अरे हो, एक सांगायचं राहिलंच!" यंदाही तेच चाललंय. दुपारपर्यंत ऊन असं की चादरी पापडासारख्या वाळतात, आणि चहाचं आधण ठेवावं तोवर बारवी धरणाच्या बाजूला आभाळ काळं होऊन गडगडायला लागतं. मग आमच्या बदलापुरातल्या समस्त बायका एकाच वेळी गच्चीकडे धावतात. मीही धावते. फरक इतकाच की बाकीच्या आभाळाकडे बघतात आणि मी आधी पाण्याच्या टाकीपाशी बघते, अप्पांच्या यंत्राचा काटा कुठे वळलाय ते. काटा आता तिथे नसतो, खाली अप्पांच्या खोलीत कपाटावर असतो. पण तीन वर्षांपूर्वीच्या त्या परतीच्या पावसानं लावलेली खोड आहे, जात नाही.

अप्पा म्हणजे माझे सासरे. ऐंशी ओलांडलेले, अंगानं काडी, आवाजानं भोंगा. तरुणपणी सांताक्रूझला हँगरमध्ये डाकोटा विमानांचे रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना कुणी 'विमानाचे मेकॅनिक' म्हटलं की खवळायचे. "मेकॅनिक इंजिनाचा! इंजिन विमान उडवतं. कुठे जायचं ते रेडिओ सांगतो. उडायला काय, कागदही उडतो."

तर असा हा वाट दाखवणाऱ्या यंत्रांचा डॉक्टर त्या वर्षी गणपतीनंतर दुसऱ्याच्या घरात जाऊन बसला.

यात त्यांची एकट्याची चूक नव्हती. बेलवलीत आमच्या आसपास जे टॉवर उठलेत ते सगळे एका रंगाचे, एका उंचीचे, दारात तेच दोन सिमेंटचे हत्ती. अप्पा संध्याकाळी फिरून आले, लिफ्टनं वर गेले, बेल दाबली. दार उघडलं एका नव्या सुनेनं. तिला वाटलं, सासरच्या गावाकडचे कुणी वडीलधारे असणार. आता आपल्यात दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'आपण कोण' असं विचारायची सोय आहे का? जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. तिनं पदर नसताना खांद्यावर ओढणी घेऊन वाकून नमस्कार केला. अप्पांनी आशीर्वाद दिला. सोफ्यावर बसले. चहा आला, पोहे आले. "पडदे बदलले वाटतं? छान आहेत," असंही म्हणाले. दोघंही एकमेकांना शिष्टाचारानं छळत राहिले. शेवटी तिचा नवरा कामावरून आला आणि बायकोला स्वयंपाकघरात नेऊन विचारता झाला, "हे तुझ्याकडचे का?"

आमच्या ह्यांनी, म्हणजे मुकुंदनं, त्या दिवशी हसून सोडून दिलं. पण पुढच्याच आठवड्यात एक रिक्षावाला अप्पांना घेऊन आला. "ताई, हे काका कुलगावला उभे होते. विचारलं तर बोलले, मी असाच उभा आहे. पाऊस चालू, छत्री बंद. असाच कोण उभा राहतो?" तेव्हा मात्र मुकुंदचा चेहरा उतरला. तो अंबरनाथला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. त्याच्या शिक्क्याशिवाय तिथे साधा नट बाहेर पडत नाही. त्यानं घरातही तोच शिक्का मारला. अप्पांनी यापुढे एकट्यानं बाहेर पडायचं नाही.

अप्पा दोन दिवस जेवले, पण कुणाशी बोलले नाहीत. जेवले नसते तर बरं झालं असतं, ते मुकाट जेवणं फार भयंकर होतं. आमटीत मीठ कमी असलं तरी शब्द नाही! सासूबाई गेल्यापासून त्यांचं संध्याकाळचं फिरणं हेच त्यांचं जग. नदीपर्यंत जायचं, भाजीवालीशी भांडायचं, कुणाच्या तरी शेताच्या बांधावर उभं राहून पीक कसं आलंय त्यावर मत द्यायचं. शेतातलं त्यांना काही कळत नाही, पण मत असतं. ते बंद म्हणजे माणूस बंद. मला दिसत होतं. मुकुंदलाही दिसत होतं, पण भीती दिसण्यापेक्षा मोठी असते.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी तह मांडला. "मुकुंदा, तुझं म्हणणं माझं डोकं गेलंय. ठीक. मी एक रेडिओ कंपास मिळवतो आणि चालू करून दाखवतो. दसऱ्याच्या दिवशी काटा बरोबर मुंबईच्या रेडिओ स्टेशनची दिशा दाखवेल. दाखवली तर मी एकटा फिरणार. नाही दाखवली तर तू म्हणशील तसं. बांध मला दावणीला."

मुकुंदला वाटलं, असलं यंत्र या जन्मात मिळणार नाही. तो म्हणाला, "मंजूर." त्याला जन्म कळत असेल, उल्हासनगर कळत नव्हतं.

उल्हासनगरात काय मिळत नाही? कॅम्प एकच्या एका बोळात घनश्यामभाईंचं भंगाराचं दुकान. वर पंख्यांची पाती, खाली मशीनचे पाय, मध्ये घनश्यामभाई. अप्पांनी ढिगातून एक गोल तबकडी उपसली. कडेला अंश कोरलेले, मध्ये एकच काटा. घनश्यामभाई लगेच म्हणाले, "साईं, हात लगाते ही पहचान गए! लंडन की घड़ी है. सेल डालो, सौ साल चलेगी."

"घड्याळाला एकच काटा?" अप्पा म्हणाले.

"अरे साईं, पुराने ज़माने में मिनट कौन देखता था!"

अप्पांनी मान डोलावली आणि ढिगात खांद्यापर्यंत हात घातला. तबकडीमागोमाग जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचं काळं खोकं निघालं, आणि एक अंड्याच्या आकाराचं लांबुळकं टोपण. डाकोटाच्या पाठीवर हे बसवायचे, त्याच्या आत तारेची कडी फिरायची. मला ते आडवा झालेला मोदक वाटलं. घनश्यामभाईंनी ते टोपण म्हणजे साहेबाच्या मोटारीचा दिवा आहे असं शपथेवर सांगितलं. अप्पा ते छातीशी धरून रिक्षात बसले. डोळे भरलेले. मी बाहेर बघत राहिले.

मग आमच्या घराची शाळा झाली. विद्यार्थी मी एकटी, कारण मुकुंद परीक्षक होता. भाजी निवडता निवडता मला रेडिओ कंपास शिकवला गेला, आणि तो मला समजला, हे मी छातीठोकपणे सांगते.

तारेची ती कडी, तिला लूप म्हणायचं. रेडिओ स्टेशनच्या बाजूला तिची कड केली की आवाज मोठा येतो. तिचा चेहरा स्टेशनकडे केला की आवाज गप्प होतो. "दिशा शोधायची ती आवाजावरून नाही, गप्प होण्यावरून," अप्पा म्हणाले. "का?"

"कारण पोरं दंगा करत असली की कुठे आहेत कळत नाही," मी म्हणाले. "एकदम गप्प झाली की बरोबर कळतं, फ्रिजमागे."

अप्पा खूश झाले. हँगरमध्ये हे समजायला लोकांना महिना लागायचा म्हणे. गोष्ट अशी की मोठा आवाज थोडा कमीजास्त झाला तर कानाला पत्ता लागत नाही, पण शांतता झाली की चटकन कळतं. म्हणून यंत्र त्या शांततेच्या मागे असतं. एक छोटी मोटर लूपला गरागरा फिरवते, आवाज मेला की थांबते, आणि लूप जिथे थांबला तिथे तबकडीवरचा काटा थांबतो. काटा वर, म्हणजे नाकासमोर, ठेवून उडत राहिलं की विमान स्टेशनच्या डोक्यावर.

"पण एक भानगड आहे," अप्पा म्हणाले. "चेहरा केला तरी गप्प, पाठ केली तरी गप्प. एकट्या लूपला स्टेशन पुढे आहे की मागे ते कळत नाही. सरळ उलटा नेऊन समुद्रात घालेल, आणि तेही आत्मविश्वासानं!"

"मग?"

"मग एक साधी सरळ तार लावायची. तिला दिशा बिशा काही कळत नाही, ती नुसती ऐकते. पण तिचं ऐकणं लुपाच्या ऐकण्यात मिसळलं की पुढचं मागचं वेगळं होतं. तिला म्हणतात सेन्स अँटेना."

म्हणजे गरागरा फिरणारा एक आणि एका जागी ताठ उभी राहून ऐकणारी दुसरी, आणि सेन्स दुसरीला. मी त्या रात्री मुकुंदला हे समजावून सांगितलं. त्याला ते यंत्राबद्दल आहे असंच वाटलं.

त्याहून जुनी एक तऱ्हा अप्पांनी त्यांच्या उस्तादांकडून ऐकलेली होती. त्यात काटाच नाही. पायलटच्या कानात वाटेच्या एका बाजूला 'डिट-दाऽ' वाजायचं, दुसऱ्या बाजूला 'दाऽ-डिट'. बरोबर मधोमध आलं की एकाच्या फटीत दुसरं बसून अखंड सूर व्हायचा. तो सूर धरून चालायचं. मला हे लगेच पटलं. आमच्याकडे एका खोलीतून बाप 'मी जाणार', दुसऱ्या खोलीतून मुलगा 'नाही जाणार', आणि मधल्या पॅसेजमध्ये माझ्या कानात तोच अखंड सूर.

मोटर जळालेली निघाली. तिच्यासाठी अंबरनाथला वाइंडिंग करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी ती तळहातावर घेऊन विचारलं, "आजोबा, ही कुठल्या मिक्सरची?" अप्पांनी विमानाचं सांगितलं. "मग किती दिवसांची गॅरंटी देऊ?" असं म्हणत त्यांनी गुंडाळली मात्र सुरेख. तार केसासारखी, आणि बाईंची बोटं मोगरा ओवल्यासारखी चालत होती. विमानाच्या यंत्राला घरची वीज चालत नाही, म्हणून बॅटऱ्या आल्या, एक भुणभुणणारा इन्व्हर्टर आला. तो सुरू झाला की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, "दातांचा डॉक्टर आलाय का वर?"

त्या दिवसांचा वास माझ्या नाकात अजून आहे. तापलेल्या व्हॉल्व्हवरच्या जुन्या धुळीचा, भिजून सुकलेल्या गच्चीचा आणि लांबून येणाऱ्या पिकत्या भाताचा. खालून गरब्याच्या तालमीचा ढोल, आणि वर कपडे वाळत घालायच्या स्टँडवर बसवलेला तो मोदक. कानांवर मोठे हेडफोन चढवून, बनियनवर, आभाळाखाली खुर्ची टाकून अप्पा बसलेले. शेजारची मुलं त्यांना 'पायलट आजोबा' म्हणायला लागली. त्यांनी सुधारून दिलं, "रेडिओ आजोबा."

काटा हलला तेव्हा मी ओरडलेच. कुर्रर्र करत वळला आणि ठाम थांबला. नवरात्राच्या मंडपाकडे! अप्पांनी लावलं होतं मुंबईचं मीडियम वेव्ह स्टेशन, आणि काटा बघत होता उल्हासनगरहून आणलेल्या एलईडीच्या माळांकडे. "असल्या माळा रेडिओत कचरा सोडतात," अप्पा म्हणाले. "काट्याचा दोष नाही. तो बिचारा जो जास्त ओरडेल त्याच्याकडे बघतो." माळा विझवायला लावल्या, तर काटा सरळ माझ्या स्वयंपाकघराकडे. अप्पा खाली आले आणि चार्जर, इंडक्शन, टीव्ही, एकेक उपटत सुटले. फ्रिजपाशी मी आडवी उभी राहिले. "अप्पा, आत दूध आहे, नासेल!" फ्रिज वाचला.

म्हणून त्यांचा एक नियम होता. काट्यावर विश्वास ठेवायच्या आधी कान लावायचा. कोण बोलतंय ते ओळखायचं. स्टेशन आपलं नाव सांगतं, गाणं लावतं, बाजारभाव देतं. ओळख पटली तरच काटा खरा. आणि ओळख पटत नसेल तर काटा कितीही ठाम असो, त्याच्या नादी लागायचं नाही. हा नियम मी पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये वापरून पाहिला, फार उपयोगी आहे.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली. मुकुंदची स्कूटर, माझं शिलाई मशीन आणि रेडिओ कंपास. मी मोदकाला झेंडूचा हार घालायला गेले तर अप्पा कडाडले, "लुपावर काही नको!" हार इन्व्हर्टरला घातला.

दसऱ्याला दुपारी आम्ही गच्चीवर जमलो. मुकुंदनं मोबाइलवर नकाशा काढून खडूनं फरशीवर रेघ मारली होती. डोंगरांच्या पलीकडे, पश्चिमेला, स्टेशन. खालच्या काकू आल्या, मुलं आली. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी एकच वायर दोनदा उलटी जोडली, आणि ते मुकुंदला दिसू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले. या खेळण्याच्या काट्यावर एका माणसाचं उरलेलं बाहेरचं जग टांगलं होतं, आणि आम्ही सगळे सोनं वाटत हसत होतो.

व्हॉल्व्ह तापले. हेडफोनमध्ये सनई आली. अप्पांनी मला एक कान दिला, "ओळख." मी ओळखलं. काटा निघाला, रेघेपाशी आला, जरा चुळबुळला, आणि बरोबर तिच्यावर बसला. मुलांनी टाळ्या पिटल्या. मुकुंद वाकून बघायला लागला.

आणि त्याच वेळी मागे बारवीच्या बाजूला वीज चमकली. काटा तडक उलटा फिरला, भर्रकन, ढगाकडे. जरा परत आला. पुन्हा वीज, पुन्हा तिकडे. मग तर ढगांनी धरलंच, आणि काटा हळदीतल्या करवलीसारखा ज्याचं त्याचं तोंड बघत गरागरा फिरायला लागला. मुलं हसली. काकूंनी "अगं बाई" म्हटलं.

मुकुंद हसला नाही. हळूच म्हणाला, "अप्पा, फेल आहे हो."

"फेल नाही," अप्पा म्हणाले. "वीज म्हणजे पण रेडिओच. सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा. असल्या हवेत काटा असाच करतो. आमच्या वेळी सगळ्या विमानांत करायचा."

"मग असल्या हवेत पायलट काय करायचे?"

थेंब पडायला लागले होते. खोक्यावर प्लास्टिक ओढत अप्पा म्हणाले, "विचारायचे."

"म्हणजे?"

"खाली विमानतळाच्या टॉवरमध्ये माणूस असायचा. त्याला म्हणायचं, क्यूडीएम दे. म्हणजे तुझ्याकडे यायला मी कुठे तोंड करू, ते सांग. मग पायलटनं बोलत राहायचं. काहीही. आकडे म्हण, बाराखडी म्हण. खालचा माणूस त्याच्या आवाजावर आपला लूप फिरवायचा आणि सांगायचा, इकडे ये. मोठमोठे पायलट विचारायचे, मुकुंदा. छातीवर बिल्ले लावलेले. त्यात लाज नव्हती." आणि मग एकदम खाली बघून म्हणाले, "त्या पोरीच्या घरी पहिल्या घोटालाच कळलं होतं मला. चहात आलं नव्हतं. पण विचारायचं कसं, की बाई, माझं घर कुठलं?"

पाऊस चांगलाच आला. काकू पळाल्या, मुलं पळाली. बापलेक प्लास्टिकची दोन टोकं धरून भिजत उभे. मला रडू आलं, आणि पावसात रडायची सोय असते ती मी घेतली. मुकुंद म्हणाला, "आमच्याकडे एक शिक्का असतो. अटीवर पास."

"अट काय?"

"विचारायचं. वैशालीला फोन करायचा," तो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "असाच उभा आहे, म्हणायचं नाही."

तेव्हापासून अप्पा फिरतात. पहिल्या वर्षी फोन क्वचित यायचा. आता जास्त येतो. ते मला कळतं, मुकुंदला कळतं, अप्पांनाही कळतं. आम्ही त्यावर बोलत नाही, खिशातला फोन चार्ज आहे ना एवढं बघतो.

काल दुपारी ढग जमत होते. मी चादरी काढत होते, तर फोन.

"सुनबाई, क्यूडीएम."

"कुठे आहात अप्पा?"

"ते माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं!"

"बरं. बोलत राहा."

त्यांनी बाराखडी सुरू केली. क, का, कि, की. मी गच्चीच्या कठड्याला टेकून डोळे मिटले. त्यांच्या आवाजामागे रिक्षा नव्हती, भाजीवाली नव्हती. धप्प, धप्प असं काहीतरी होतं. पाऊस यायच्या आत कुणीतरी घाईघाईनं भात झोडत होतं. आमच्या बाजूला आता भाताचं शेत उरलंय ते एकच, एरंजाडच्या रस्त्याला, शेवटच्या टॉवरच्या मागे. तेवढ्यात एका बाईचा आवाज आला, "बाबा, कंच्या बिल्डिंगीत जायाचं तुमाला? पोराला धाडू का संगं?"

"थांब गं जरा," अप्पा तिला म्हणाले. "टॉवरशी बोलतोय."

चादरी खांद्यावर, केस विस्कटलेले, पायात मुकुंदच्या चपला, आणि मी टॉवर.

"अप्पा, तो झोडणीचा आवाज येतोय ना? त्याच्याकडे पाठ करा आणि सरळ चालायला लागा."

"पाठ. बरोबर? नाहीतर समुद्रात घालशील."

"पाठच. मी ऐकतेय. बोलत राहा."

"ख, खा, खि, खी," अप्पा म्हणाले, आणि धप्प धप्प हळूहळू लहान होत गेलं.